डेल्बर्टचा चौदावा नियम

‘हुक अँड बॉबर’ या बारमध्ये, बाटल्यांच्या फळीच्या वर आणि पेंढा भरलेल्या मोठ्या माशाच्या खाली, एक लाकडी पाटी टांगलेली आहे. दर मंगळवारी तिथे पोकरची लीग चालते. सोळा मंगळवारांचा एक हंगाम. हंगामात जो सगळ्यांत जास्त गुण मिळवील त्याचं नाव मालकीण शेरिल तापलेल्या सळईने त्या पाटीवर उमटवते. बक्षीस म्हणाल तर एवढंच. त्या पाटीवर आपलं नाव लागावं ही डेल्बर्ट झॅस्ट्रोची उरलेली एकुलती एक महत्त्वाकांक्षा होती. बाकीच्या त्याने गुडघ्यांबरोबरच सोडून दिल्या होत्या.

लीगमध्ये पैशाचा संबंध नाही. प्रवेश फुकट, प्लास्टिकच्या रंगीत चकत्या फुकट, आणि खेळ संपला की त्या परत बरणीत. म्हणजे जुगाराचं पाप नाही आणि जुगाराचा फायदाही नाही. लूथरन चर्चच्या पाद्रीबुवांनाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तरी मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला गावातली तीसेक माणसं तोंडं अशी गंभीर करून बसत, की नवख्याला वाटावं, आज इथे कोणाच्या तरी गोठ्यातल्या सगळ्या गाई पणाला लागल्या आहेत.

शेरिलने मात्र या फुकटेपणात आपली सोय पाहिलेली होती. कोणी जेवण मागवलं की त्याला दोन हजारांच्या चकत्या जादा मिळत. डॉक्टरांनी डेल्बर्टला तळलेलं बंद केलं होतं. पण डॉक्टर काही लीग खेळत नव्हते. दर मंगळवारी तो टोपलीभर तळलेले चीजचे गोळे मागवायचा, दोन हजारांच्या चकत्या पुढे ओढायचा, आणि औषध घेतल्यासारखं तोंड करून टोपली रिकामी करायचा. अकरा वर्षांत त्याचं नाव पाटीवर आलं नव्हतं, पण पट्ट्याला चार नवी भोकं आली होती.

निवृत्त होईपर्यंत डेल्बर्ट काउंटीचा वजनमापे तपासनीस होता. पेट्रोलचा पंप, खाटकाचा काटा, चीजच्या कारखान्यातला भलामोठा वजनकाटा, सगळं तो तपासायचा. दुकानदार गोड बोलायचे, कॉफी पुढे करायचे, मुलाबाळांची चौकशी करायचे. डेल्बर्ट त्यांच्या तोंडाकडे बघायचाच नाही, काट्याकडे बघायचा. या एका गुणावर त्याने एकतीस वर्षं नोकरी केली आणि एकही मित्र जोडला नाही.

निवृत्तीनंतर पहिल्या पंधरवड्यात त्याने घरातले मापाचे पेले तपासले. आर्डिस, म्हणजे त्याची बायको, तीस वर्षं ज्या पेल्याने केक करत होती तो पेला चमचाभर कमी भरतो असं त्याने तिला पुराव्यानिशी दाखवून दिलं. तिने त्याचा कोट खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला. असा तो लीगमध्ये आला.

तिथे त्याला काय दिसलं, तर लोक मजेत खेळत होते. लेखी नियम एकही नव्हता. वाद झाला की शेरिल काउंटरमागून ओरडायची, “पुन्हा वाटा रे!” आणि लोक हसत पुन्हा वाटायचे. हे डेल्बर्टला बघवलं नाही. महिन्याभरात त्याने बावीस नियम टाइप केले, त्यांना प्लास्टिक चढवलं आणि संडासाच्या दाराशेजारी लावले. माणूस निवांत उभा राहून वाचील अशी बारमध्ये तेवढी एकच जागा होती.

या हंगामाच्या सुरुवातीला, फेब्रुवारीत, आर्डिसने अट घातली. चर्चमध्ये तिचं घंटावादकांचं पथक होतं. लांब टेबलावर लहानमोठ्या पितळी घंटा मांडून बारा बायका मिळून भजनं वाजवत. सगळ्यांत मोठ्या दोन घंटा उचलायला मात्र कोणाचं मनगट पुरत नव्हतं. दोन वर्षं पथक त्या घंटांशिवायच वाजवत होतं, आणि सराव नेमका मंगळवारी होता.

“डेल, अकरा वर्षं झाली,” ती म्हणाली. “या खेपेला तुझं नाव त्या फळकुटावर लागलं, तर मी जन्मात विषय काढणार नाही. नाही लागलं, तर सप्टेंबरपासून मंगळवारी तू माझ्या मोठ्या घंटा वाजवायच्या.”

“मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही.”

“पोकरमधलं कळत नाही म्हणून अडलंय का तुझं?”

डेल्बर्टने अट मान्य केली. घंटा वाजवताना पांढरे हातमोजे घालावे लागतात, हे त्याला नंतर कळलं. त्यानंतर तो फार लक्ष देऊन खेळू लागला.

मार्चमध्ये एक प्रकार झाला. ड्वेन हाउग नावाचा एक बर्फ उपसणाऱ्या गाडीवरचा ड्रायव्हर त्या वेळी गुणांत सर्वांत पुढे होता. एका मोठ्या डावात त्याने खुशीत येऊन आपलं एक पान उलटं करून दाखवलं, आणि दुसरं पान त्याच्या बाहीला लागून टाकलेल्या पानांच्या गठ्ठ्यात घसरलं. कोणतं पान ते सगळ्या टेबलाने पाहिलं होतं. राणी होती. ड्वेन जिंकला होता. शेरिल “असू दे, उचल” म्हणणार, तेवढ्यात डेल्बर्टने बोट वर केलं.

“नियम चौदा. गठ्ठ्याला लागलं ते पान मेलं. मेलेलं पान उठत नाही.”

“डेल, आपण सगळ्यांनी पाहिलंय की,” ड्वेन म्हणाला.

“पाहिलं ते खरं. पण नियमात ‘पाहिलं तर’ असं काही लिहिलेलं नाही.”

“लिहिलंस तूच ना?”

“म्हणूनच मला पाठ आहे.”

ड्वेन तो डाव हरला, मग ती संध्याकाळ हरला आणि पुढे हंगामही. डेल्बर्ट घरी गेला आणि त्याने चौदाव्या नियमाची नवी प्रत काढून खाली लाल रेघ ओढून आणली. तेव्हापासून ड्वेन त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. त्या दोघांची शुक्रवारची मासे खाण्याची दहा वर्षांची बैठकही मोडली. डेल्बर्टच्या मते ड्वेनला नियम समजला नव्हता. दर शुक्रवारी तो घरी बसून आर्डिसला तो पुन्हा समजावून सांगायचा.

असा हंगाम शेवटच्या मंगळवारपर्यंत आला, आणि गुणांच्या यादीत दोनच नावं बरोबरीला उरली. एक डेल्बर्ट झॅस्ट्रोचं, आणि दुसरं मिसेस व्हिओला टेस्के यांचं.

मिसेस टेस्के एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनी निम्म्या गावाला दहा आज्ञा पाठ करायला लावल्या होत्या. डेल्बर्ट सहा वर्षांचा असताना शेजाऱ्याचं सफरचंद खाऊन “मी नाही” म्हणाला, तेव्हा त्याला कोपऱ्यात उभं करणाऱ्याही त्याच. नवरा गेल्यावर घर खायला उठतं म्हणून त्या लीगला येऊ लागल्या. त्यांच्या खेळाला डावपेच म्हणणं म्हणजे डावपेचांचा अपमान होता. त्या चेरीचा पाय, म्हणजे चेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, मागवत, अर्धा खात, अर्धा डब्यात घालत, आणि बहुतेक डावांत पानं टाकून देऊन शेजारणीच्या गुडघ्याची चौकशी करत. एवढ्यात बाकीचे एकमेकांना मारून बाहेर पडलेले असत. सोळाच्या सोळा मंगळवार त्या शेवटच्या चौघांत होत्या. डेल्बर्टने शक्यतांचं गणित शिकवणारी दोन पुस्तकं पोस्टाने मागवून वाचली होती. व्हिओलाबाईंनी चेरीचा पाय खाल्ला होता.

जून महिना होता. साडेआठ वाजले तरी तळ्यावर ऊन होतं आणि खिडकीतून ते थेट टेबलावर येत होतं. एकेक गडी बाद झाला. तिघे उरले असताना ड्वेन बाद झाला, आणि लीगच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या दोघांना पानं वाटायला तोच बसला. बाद झालेले घरी गेले नाहीत. ते टेबलाभोवती खुर्च्या ओढून बसले. आज जो पहिला येईल त्याचं नाव पाटीवर जाणार होतं. शेरिलने सळई आधीच बाहेर काढून ठेवली होती. आर्डिससुद्धा आली होती. ती म्हणाली, “सहजच आले.” तिच्या पर्समधून पांढऱ्या हातमोज्यांचं एक टोक बाहेर दिसत होतं.

“डेल्बर्ट बाळा, मला आज ऊन फार लागतंय रे डोळ्यांवर,” व्हिओलाबाई म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू पिकलाय. ऑगस्टमध्ये काढणारेत.”

“खुर्ची बदलू का, मिसेस टेस्के?”

“नको. इथूनच दिसेल तेवढं पुरे.”

ड्वेनने दोघांना दोन-दोन पानं वाटली. डेल्बर्टकडे इस्पिकचा राजा आणि इस्पिकची नव्वी आली. मधे सगळ्यांची सामाईक पाच पानं उलटायची, आणि आपली दोन धरून त्या सातांतली चांगली पाच निवडायची, असा खेळ. ड्वेनने मधे बदामाचा राजा, बदामाची सत्ती आणि किलवरची नव्वी मांडली. डेल्बर्टच्या राजांची जोडी झाली आणि नव्व्यांचीही. त्याचा चेहरा हलला नाही. चेहरा न हलवण्याचा सराव तो अकरा वर्षं आरशासमोर करत होता, आणि आर्डिसला वाटत होतं त्याचे दात दुखतात.

चौथं पान बदामाची तिर्री आलं. पाचवं इस्पिकची दुर्री.

व्हिओलाबाईंनी आपली दोन पानं नाकाजवळ नेली, दूर धरली, पुन्हा जवळ नेली. मग त्यांनी दोन्ही हातांनी चकत्यांचा एक ढीग पुढे ढकलला. त्या बाईंनी सोळा मंगळवारांत मिळून एवढ्या चकत्या पुढे केल्या नव्हत्या.

“अगं बाई,” शेरिल म्हणाली.

डेल्बर्ट विचार करू लागला. मधे तीन बदाम होते. बाईंच्या हातात आणखी दोन असले तर एका रंगाची पाच पानं होतात, आणि मग त्याच्या दोन्ही जोड्यांना कोणी विचारत नाही. पण असतीलच कशावरून? पुस्तकाच्या बाविसाव्या पानावर याचं गणित दिलेलं होतं. ते त्याने मनात दोनदा केलं. मग बाईंच्या ढिगाएवढा ढीग मोजून पुढे सारला. त्याच्यासमोर आठ चकत्या उरल्या.

“दाखवा, मिसेस टेस्के.”

“बदाम, बाळा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला. “सगळे बदाम! पाच!”

आणि डेल्बर्टने एक गोष्ट केली, जी त्याने एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही केली नव्हती. त्याने समोरच्याचा शब्द खरा मानला. बाई अजून आपली पानं टेबलावर ठेवत होत्या, तोवर त्याने आपली दोन पानं पालथी करून टाकलेल्या पानांच्या गठ्ठ्यावर फेकली. डोळे मिटून त्याने खुर्चीला पाठ टेकली. बंद डोळ्यांपुढे त्याला पांढरे हातमोजे दिसले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणून त्याने डोळे उघडले.

व्हिओलाबाईंची पानं उन्हात उताणी पडली होती. बदामाचा गुलाम, आणि शेजारी चौकटची अठ्ठी. दोन्ही लालच.

“व्हिओलाबाई,” शेरिल हळूच म्हणाली, “ती अठ्ठी चौकटची आहे.”

“काय?” बाईंनी पान उचलून खिडकीकडे धरलं. “अगं माझे आई. आहे की गं.”

म्हणजे त्यांच्याकडे काहीही नव्हतं. एक साधी जोडीसुद्धा नाही. तीस माणसांनी एकदम डेल्बर्टकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे, आणि मग संडासाच्या दाराशेजारच्या प्लास्टिक चढवलेल्या कागदाकडे. अकरा वर्षांत त्या कागदाकडे इतक्या लोकांनी एकाच वेळी पाहिलं नव्हतं. लेखकाला याहून काय हवं असतं?

ड्वेनचा हात गठ्ठ्यावर होता. तो तीन महिन्यांत पहिल्यांदा डेल्बर्टशी बोलला.

“वरचीच दोन आहेत. दुसरं काही मिसळलेलं नाही. उचलू का, डेल?”

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर डेल्बर्टला फार बरं वाटलं असतं. तो टोमण्याची वाट बघत होता. टोमणा आला नाही. ड्वेन खरोखरच विचारत होता.

“उचल रे बाबा, उचल,” व्हिओलाबाई काकुळतीला आल्या. “सगळ्या गावासमोर मी खोटं बोलले. एक्क्याऐंशीव्या वर्षी! तू पानं घे म्हणजे माझ्या तोंडून गेलेलं पुसलं जाईल.”

“डेल, घेऊन टाक,” मागून कोणीतरी म्हणालं. “आम्ही कोणी काही म्हणत नाही.”

आर्डिसने पर्सची चेन लावून टाकली होती. हातमोजे आता दिसत नव्हते.

डेल्बर्टने बावीसच्या बावीस नियम मनातल्या मनात वरपासून खालपर्यंत चाळले. एखादी फट सापडते का, ते तो बघत होता. जन्मभर लोकांच्या फटी बुजवलेल्या माणसाला फट बरोबर कुठे असते ते ठाऊक असतं. आठव्या नियमात त्याला थोडी आशा वाटली. एकोणिसाव्यात तर वकिलाला पुरेल एवढी जागा होती. पण मधे चौदावा येत होता, आणि त्याच्याखाली लाल रेघ होती. स्वतःच्याच हाताची, पट्टी धरून ओढलेली. आणि समोर ड्वेन बसला होता, त्याच बाहीचा शर्ट घालून.

“गठ्ठ्याला लागलं ते मेलं,” डेल्बर्ट म्हणाला. “डाव मिसेस टेस्क्यांचा.”

“मेल्यावर उठलेला एकच, तो क्रूसावरचा,” शेरिल काउंटर पुसत म्हणाली, “आणि त्यालाही तीन दिवस लागले.”

लोक हसले. व्हिओलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी डेल्बर्टचा हात धरला. “पण मी खोटं बोलले ना रे?”

“नाही, मिसेस टेस्के. तुम्हाला दिसलं ते तुम्ही सांगितलंत. मी बघितलं नाही. एकतीस वर्षं मी कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही, काट्याकडे बघितलं. आज काटा समोर होता आणि मी तुमच्या तोंडाकडे बघत बसलो.”

“माझ्या तोंडाकडे कशाला?”

“तुम्ही मला सफरचंदाच्या वेळी कोपऱ्यात उभं केलं होतंत.”

“पुढच्या रविवारीसुद्धा,” बाई म्हणाल्या. “तेव्हा तर तू काही केलंही नव्हतंस.”

पुढच्या डावात डेल्बर्टने उरलेल्या आठ चकत्या पुढे केल्या. त्याच्याकडे एक्का होता. व्हिओलाबाईंकडे चौक्यांची जोडी होती. या वेळी तीस माणसांनी वाकून ती आधी तपासली. चौक्या खऱ्या निघाल्या. मधल्या पाच पानांनी कोणालाच काही दिलं नाही, आणि हंगाम संपला.

सळई तापवायला शेरिलला दहा मिनिटं लागली. जळक्या लाकडाचा वास तळलेल्या तेलाच्या वासात मिसळला. व्हिओलाबाई सारख्या म्हणत होत्या, “त्याचं लिहा गं, माझं काय करायचंय.” आणि डेल्बर्ट सारखा म्हणत होता, “नियमात बसत नाही.” शेवटी शेरिलने दोघांनाही गप्प बसायला सांगून टेस्के हे नाव उमटवलं. पाटीवर दोन नावांमध्ये जेवढं अंतर सोडायचा रिवाज होता, त्याहून बोटभर कमी सुटलं. डेल्बर्टच्या ते लक्षात आलं. त्याने तोंड उघडलं. मग मिटलं.

बाहेर पार्किंगमध्ये अजून उजेड होता. ड्वेन आपल्या ट्रकशी उभा होता, किल्ली शोधत. ती त्याच्या हातातच होती.

“शुक्रवारी मासे आहेत,” तो म्हणाला.

“दर शुक्रवारी असतात,” डेल्बर्ट म्हणाला.

“तेच सांगतोय.”

गाडीत बसल्यावर आर्डिसने पर्स उघडली आणि हातमोजे त्याच्या मांडीवर ठेवले. “मोठ्या मापाचे आणलेत,” ती म्हणाली. “फेब्रुवारीतच आणून ठेवले होते.”

“फेब्रुवारीत? म्हणजे मी हरणार हे तू धरूनच चालली होतीस?”

“जिंकला असतास तर परत केले असते. पावती जपून ठेवली होती.”

हे मात्र डेल्बर्टला पटलं.

सप्टेंबरपासून तो चर्चच्या तळघरात, बारा बायकांच्या टोकाला, पांढरे हातमोजे घालून उभा राहतो. त्याच्या वाट्याला दोन घंटा आल्या आहेत, कोंबडीएवढ्या वजनाच्या. बाकीच्या बायका सुरांच्या सरी घालत असतात तेव्हा त्याने गप्प उभं राहून मात्रा मोजायच्या. एका भजनात सत्तेचाळीस मात्रा मोजल्यावर त्याची एक घंटा एकदा वाजते. पहिल्याच सरावात ती एका मात्रेने उशिरा वाजली. पथक चालवणाऱ्या बाईंनी वही पुढे करून दाखवलं, आणि त्याने कसलाही वाद घातला नाही. कारण तिथे लिहिलेलं होतं.

व्हिओलाबाईंचा मोतीबिंदू ऑगस्टमध्ये निघाला. नव्या हंगामात त्या पहिल्या तासातच बाद होऊ लागल्या. शेरिलने विचारलं तेव्हा म्हणाल्या, “पानं आता लख्ख दिसतात गं. म्हणून टाकवत नाहीत.” तिसऱ्या मंगळवारी त्या सात वाजताच बाहेर पडल्या आणि तडक चर्चच्या तळघरात आल्या. उरलेल्या चेरीच्या पायचा डबा मांडीवर ठेवून मागच्या बाकावर बसल्या.

“चालू द्या तुमचं,” त्या म्हणाल्या. “मी नुसती ऐकायला आलेय.”

डेल्बर्ट चाळिसाव्या मात्रेवर होता. त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही, वहीकडे बघितलं.